चेर्नोबिलचा हिशेब
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



अणुवीज हवी की नको, हा आजचा विषय नाही. त्यावर आपल्यात दोन मते आहेत आणि ती असू द्यावीत. मोठा अपघात झाला की माणसांचे काय होते, मागचे कोण आवरते आणि हिशेब कोण ठेवते, एवढेच आज पाहू.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. वीज गेल्यास फिरते जनित्र किती वेळ पंप चालवू शकेल, याची चाचणी चालू होती. म्हणजे चाचणी सुरक्षिततेचीच! भट्टीची शक्ती फार खाली आली होती. अशा वेळी ती बंद करण्यासाठी नियंत्रक कांड्या आत सोडल्या, की क्षणभर शक्ती उलट वाढत असे. हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात लक्षात आला होता. भट्टी चालवणाऱ्यांना मात्र त्याची नीट कल्पना दिलेली नव्हती.

केंद्रापासून तीन-चार किलोमीटरवर प्रिप्यात शहर, वस्ती सुमारे ४९ हजार. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशीही मुले रस्त्यावर खेळत होती. २७ तारखेच्या दुपारी बसगाड्या आल्या. तीन दिवसांसाठी निघा, असे लोकांना सांगण्यात आले. ते कायमचे निघाले. २८ तारखेला स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात किरणोत्सार आढळला आणि त्यानंतरच मॉस्कोने चार ओळींचे निवेदन काढले. १ मे रोजी कीव्हमध्ये नेहमीप्रमाणे संचलनही झाले.

या मौनाची किंमत मुलांनी मोजली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईच्या दुधात उतरले आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. त्याचे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे. तेवढे दिवस दूध थांबवले असते, साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेवर सगळीकडे दिल्या असत्या, तर बरेच टळले असते. शेजारच्या पोलंडने १ कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजले. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित भागांत, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. उपचारांनी बहुतेक वाचले, हेही सांगितले पाहिजे.

आता साफसफाई. छपरावर पडलेले ग्राफाइटचे तुकडे उचलायला यंत्रे आणली, ती किरणोत्साराने बंद पडली. मग माणसे चढवली. शिशाचे पत्रे अंगाला बांधलेला सैनिक धावत जाई, एक-दोन फावडी मलबा खाली टाकी आणि परत फिरे. मिनिट-दोन मिनिटांचे काम, पण आयुष्यभर पुरेल एवढी मात्रा. खाणकामगारांनी भट्टीखाली बोगदा खणला. तिथे शीतयंत्रणा बसवायची होती, तिची गरजच पडली नाही. या कामात सुमारे ६ लाख लोक होते. त्यांना तिकडे ‘लिक्विडेटर’ म्हणतात.

मग मेले किती? पहिल्या काही तासांत दोघे. तीव्र किरणोत्सार-बाधेच्या १३४ रुग्णांपैकी २८ जण त्याच वर्षी गेले. इथपर्यंत वाद नाही. पुढे मात्र २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या गटाने सर्वाधिक बाधितांमध्ये अखेरीस ४ हजारांपर्यंत मृत्यूंचा अंदाज दिला, तर २००६ मध्ये ग्रीनपीसने ९३ हजारांचा. इतका फरक का? हिशेबात कोणाला धरायचे, यावर एकमत नाही आणि सुरुवातीच्या नोंदी अपुऱ्या होत्या. शिवाय ३ लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून गेली. त्यांच्या मनावर झालेला घाव कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

काम अजून संपलेले नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात घाईने बांधलेल्या काँक्रीटच्या वेष्टनावर २०१६ मध्ये ३६ हजार टनांची पोलादी कमान सरकवली. ती शंभर वर्षे टिकावी अशी योजना होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ड्रोन आदळून तिला भोक पडले.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे आपण इंदूरकरांनी म्हणू नये. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या पीथमपूरला आला आणि जूनअखेर जाळला गेला. चाळीस वर्षांनी! अणुभट्टी आणि कीटकनाशकांचा कारखाना एक नव्हे, पण मागचे आवरण्याची रीत तीच: उशीर, गुप्तता आणि दुसऱ्याच्या दारात ढकलणे.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण तीन प्रश्न विचारू. आपल्या परिसरात धोकादायक काय काय साठवले आहे, त्याची यादी कुठे पाहायला मिळेल? काही घडलेच तर पहिल्या तासात आम्हाला कोण कळवणार? आणि ते आवरायला जाणाऱ्या मजुरांची नावे व त्यांच्या तब्येतीची नोंद कोण ठेवणार? उत्तरे लेखी मागू. पक्ष कोणताही असो.