कापायचे काय, ते आधी पाहा



गवत, ज्वारी, पऱ्हाटी सगळे एकाच यंत्राने कापता येईल, असे कोणी सांगितले तर आधी त्याला आपल्या धुऱ्यावर आणा.

धुऱ्याचे कोवळे गवत खांद्यावरच्या ब्रश कटरची नायलॉन दोरी कापते. झुडपाला लोखंडी पाते लागते, आणि मुरमाड रानात तेच पाते गोटे उडवते. डोळ्याला चष्मा, पायात बूट हवाच. पोराबाळांना जवळ फिरकू देऊ नका.

ज्वारीला आम्ही विळाच बरा म्हणतो. कडबा अख्खा राहिला तर पेंढी बांधता येते, आणि उन्हाळ्यात बैल त्या पेंढीवरच जगतो.

खरा प्रश्न पऱ्हाटीचा. २०१७ साली आपल्या जिल्ह्याने गुलाबी बोंडअळी भोगली. ती उभ्या पऱ्हाटीवरच्या उरल्यासुरल्या बोंडांत दडून बसते. म्हणून फरदडीचा मोह सोडून डिसेंबर-जानेवारीतच रान मोकळे करायचे. ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर पऱ्हाटीचा भुगा करून वावरातच टाकतो. काम चांगले, पण वर्षातल्या चार दिवसांसाठी पाच एकरवाल्याने कर्ज का काढावे? कोरडवाहू कापसाच्या भावात तो हप्ता फिटायचा कसा? लागून असलेल्या वावरांच्या दहा जणांनी मिळून तो भाड्याने आणावा आणि भाडे तासावर नव्हे, एकरावर ठरवावे. तास ठरला की ट्रॅक्टर वळणावरच जास्त रेंगाळतो!

चुलीपुरती पऱ्हाटी आधी उपटून ठेवा. मात्र तिची किडकी बोंडे तोडून, जाळून मगच ती घरी न्या.