तापातली साखर

‘दाह’ हा शब्द आम्ही कवी मंडळी फार सढळ हाताने वापरतो. विरहाचा दाह, अपमानाचा दाह. वैद्यकात मात्र त्याला नेमका अर्थ आहे. पहिल्या शतकात रोममधल्या सेल्सस या लेखकाने दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या : लाली, सूज, ऊब आणि ठणका. पायात काटा मोडला की या चारही दिसतात. शरीराची फौज तिथे धावून आलेली असते. पण ही फौज आपल्याच घरावर चालून गेली तर? मुलांच्या मधुमेहाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

श्रोतेहो, लहान मुलांचा मधुमेह बहुतेक वेळा ‘टाइप वन’ प्रकारचा असतो. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बारीक बारीक बेटे असतात. प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजते, तिथे दाह होतो आणि त्या पेशी हळूहळू नष्ट होतात. बाहेरून ना लाली दिसते, ना सूज. मूल घटाघटा पाणी पिऊ लागते, रात्री पुन्हापुन्हा लघवीला उठते, वाळत जाते, तेव्हा कुठे शंका येते. यात मिठाईचा दोष नाही, आईच्या लाडांचा नाही आणि कुणाच्या नजरेचाही नाही.

इन्सुलिन सुरू झाले म्हणजे दाहाशी संबंध संपला असे मात्र नाही. आमच्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी आहे. मला चाचा म्हणते. गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. दिवसभर तिने घास घेतला नाही. आई इन्सुलिन काढू लागली तशी आजी कळवळली, ‘‘पोरीच्या पोटात दाणा नाही, आणि सुई कसली टोचतेस?’’ आईने आधी बोटातले थेंबभर रक्त तपासले. साखर ३४० होती. आजी बघतच राहिली. उपाशी पोरीच्या अंगात एवढी साखर आली कुठून?

आली ती तिच्याच यकृतातून. ताप आला, घसा सुजला, दात किडून हिरडी सुजली की शरीर दाहाचे रासायनिक निरोप धाडते. सोबत कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही संप्रेरके वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. अशा वेळी इन्सुलिन बंद केले तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. उलट्या, पोटदुखी, खोल धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे. तेव्हा सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. यात मूल दगावू शकते.

उलट दिशेनेही हे चक्र फिरते. साखर सतत चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ती डिवचत राहते आणि मंद दाह धुमसत राहतो. अमेरिकेत कोलोरॅडो येथील संशोधकांनी २०१० मध्ये टाइप वनची मुले आणि निरोगी मुले यांची तुलना प्रसिद्ध केली. ‘इंटरल्युकिन-सहा’ हा दाहाचा निरोप्या मधुमेही मुलांत जास्त आढळला, साखर आटोक्यात असलेल्यांतही. साखर आणि वजन वाढलेल्या मुलांत दाहाच्या इतर खुणाही वाढलेल्या होत्या. म्हणून डॉक्टर दर तीन महिन्यांनी ‘एचबीएवनसी’ तपासायला सांगतात. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा तो हिशेब असतो. डोळे, मूत्रपिंड, हृदय यांचे पुढचे आयुष्य बरेचसे त्यावर ठरते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन दिले गेले. मधुमेहासाठी इन्सुलिन मिळालेला तो पहिला रुग्ण. मरणाच्या दारातला तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला आणि १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेला. तेव्हा पेनिसिलिन औषध म्हणून मिळत नव्हते, घरी साखर मोजायचे यंत्रही नव्हते. आज दोन्ही आहेत.

म्हणून आजारपणाचे नियम मूल बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजारात दर दोन-चार तासांनी साखर बघायची, कीटोन तपासायचे, पाणी पाजत राहायचे. जुलाब-उलट्यांत साखर उतरूही शकते. तेव्हा मात्रा कमी करावी लागेल, पण ती डॉक्टरांना विचारून. दातांची निगा, रोजचा खेळ आणि फ्लूची लस यांनाही त्या कागदावर जागा द्या.

आणि तो कागद आईपुरता ठेवू नका. आजीला वाचून दाखवा, शाळेतल्या बाईंना द्या, सुट्टीत मूल मामाकडे जाईल तेव्हा पिशवीत घाला. मायेपोटीच इन्सुलिन थांबवले जाते. त्या मायेला एवढे एकच सांगायचे आहे : मूल जेवले नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते.