प्लेटो, विनोबा आणि धुळे



मी कापसाच्या व्यापारातला माणूस. या चर्चासत्राच्या पत्रिकेवर ‘ग्रीक तत्त्वज्ञान आणि साहित्यप्रकार’ असं वाचून आमच्या मार्केटातल्या एकाने विचारलं, ‘‘याचा धुळ्याशी काय संबंध, भाऊ?’’

संबंध आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावात वारले. जुन्या दप्तरांमागे गावोगाव हिंडायला लागण्याआधी त्यांनी प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं होतं.

राहिला साहित्यप्रकार. पार्मेनिडीजने तत्त्वज्ञान पद्यात सांगितलं, एपिक्युरसने पत्रांत, प्लेटोने संवादांत. सॉक्रेटिसने काहीच लिहिलं नाही. तो बोलला, लिहिलं दुसऱ्यांनी. तुरुंगातल्या त्याच्या शेवटच्या दिवशी प्लेटो आजारी होता, हजर नव्हता, असं प्लेटोच्याच संवादात येतं. आमच्या तुरुंगात तशी अडचण आली नाही. १९३२ साली धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी समोर बसून उतरून घ्यायचे. ऐकणारे कैदी, म्हणून दाखले साधे, घरगुती. तेच विनोबांनी प्रबंध म्हणून लिहायला घेतलं असतं, तर गीता तीच राहिली असती, पण ‘गीता प्रवचने’ घरोघरी गेली नसती.

असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी संसाराचा विचार ओवीत केला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि तिथेही तळटीपांशिवाय प्रबंध चालत नाही!

तेव्हा प्राध्यापक मंडळींना एक विनंती. प्लेटो काय म्हणाला हे सांगालच. ते त्याने कोणाच्या तोंडी घातलं आणि का, तेही सांगा. कवींना नगराबाहेर काढणारं ‘रिपब्लिक’ शेवटी मेलेल्या माणसाने परत येऊन सांगितलेल्या गोष्टीवर संपतं. याचा उलगडा मला अजून कोणी करून दिलेला नाही.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला पॉलेमार्कस सॉक्रेटिसला आग्रहाने घरी नेतो. रात्रीचं जेवण, मशालींची घोडेशर्यत, असा बेत असतो. बोलणं दहा भाग चालतं, जेवणाचं पान काही वाढलं जात नाही. खान्देशी यजमानाला हे शोभणार नाही. बरोबर दीड वाजता मागच्या मांडवात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. पहिल्या सत्राच्या वक्त्यांनी तेवढं घड्याळ सांभाळावं.