बर्गंडीचा ड्यूक झाँ आणि फ्रान्समधील भाऊबंदकी

इसवी सन 1392च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याला वेडाचा पहिला झटका आला आणि त्यानंतरची तीस वर्षे, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, सिंहासनावर राजा असूनही राज्याची सूत्रे कोणाच्या हाती राहावीत हा प्रश्न सुटला नाही. फ्रान्समध्ये राजाच्या धाकट्या मुलांना निर्वाहासाठी प्रांत तोडून देण्याची प्रथा होती. अशा प्रांताला ‘आपानाज’ म्हणत. याच प्रथेनुसार 1363 मध्ये बर्गंडी मिळालेल्या, सहाव्या चार्ल्सचा काका असलेल्या फिलिपने फ्लांडर्सच्या वारस मार्गारेटशी विवाह केला, आणि पुढे तिच्या वारशामुळे कापडाच्या व्यापारावर संपन्न झालेली गेंट, ब्रुज यांसारखी शहरे त्याच्या घराण्याकडे आली. तरीही या वैभवाला राजकोशातून मिळणाऱ्या देणग्यांचा मोठा आधार होता, ही गोष्ट पुढील वैराच्या मुळाशी आहे.

1404 मध्ये फिलिप वारला. त्याचा पुत्र झाँ, ज्याला ‘निर्भय’ म्हणत, हा राजाचा केवळ चुलतभाऊ, तर त्याचा प्रतिस्पर्धी ओर्लेआँचा ड्यूक लुई हा राजाचा सख्खा भाऊ होता. त्यामुळे खजिन्यावर लुईची पकड बसताच बर्गंडीकडे जाणारा ओघ आटला. लुईने गाठीगाठींची काठी हे चिन्ह धारण केले, तेव्हा झाँने उत्तरादाखल सुताराचा रंधा निवडला. 23 नोव्हेंबर 1407च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यात झाँच्या मारेकऱ्यांनी लुईला ठार केले.

खुनापेक्षाही त्याचे समर्थन अधिक घातक ठरले. 8 मार्च 1408 रोजी धर्मशास्त्रज्ञ झाँ पती याने राजदरबारात कित्येक तास भाषण करून, जुलमी सत्ताधाऱ्याचा वध करणे हे पुण्यकर्म असल्याचे प्रतिपादन केले. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ जेर्साँ याने या मताविरुद्ध अखेरपर्यंत झुंज दिली, आणि राजकीय हत्येला धर्माचा आधार नाकारणारी त्याची भूमिका त्या काळातील सर्वांत धैर्याची मानली पाहिजे.

1410 मध्ये लुईचा पुत्र शार्ल याचा विवाह आर्मान्याकचा काउंट बेर्नार याच्या मुलीशी झाला आणि ओर्लेआँ पक्षाला ‘आर्मान्याक’ हे नाव पडले. त्यानंतर दोन्ही पक्षांनी इंग्लंडच्या राजाची मदत मागण्यास मागेपुढे पाहिले नाही. 1415 मध्ये इंग्रजांविरुद्ध आझँकूरच्या रणांगणावर झाँ स्वतः गैरहजर होता, पण त्याचे दोन्ही भाऊ तेथे पडले आणि शार्ल कैद होऊन 25 वर्षे इंग्लंडात राहिला. 1418 मध्ये बर्गंडीच्या पक्षाने पॅरिस घेतले. तेथे आर्मान्याकांची कत्तल झाली.

10 सप्टेंबर 1419 रोजी माँतरो येथील पुलावर, आर्मान्याकांच्या बाजूला असलेल्या युवराजाबरोबर समेटाची बोलणी चालू असताना, युवराजाच्या माणसांनी झाँचा वध केला. लुईच्या खुनाचा सूड म्हणून तो काहींना न्याय्य वाटला असेल. पण त्यामुळे झाँचा पुत्र फिलिप इंग्रजांना जाऊन मिळाला आणि 21 मे 1420च्या त्र्वा येथील तहाने इंग्लंडचा पाचवा हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला. हे सख्य तुटण्यास 1435 उजाडले. आरास येथील तहात युवराजाने, जो आता सातवा चार्ल्स होता, माँतरोच्या हत्येचा निषेध केला, फिलिपला शहरे व प्रदेश दिले, आणि तेव्हा कोठे बर्गंडीने त्याला राजा म्हणून मान्यता दिली.