घराचाही जीर्णोद्धार
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की सारे करडी गाव एकदिलाने उभे राहते. वर्गणी निघते, श्रमदान होते. परंतु ज्या घरातून ही वर्गणी येते, ते आजोबा-पणजोबांच्या हातचे मातीचे, कवेलूचे घर जरा भिंत फुगली की पाडावयाचे ठरते. देवळाला जो न्याय, तोच घराला का नसावा?

याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदिनिवास आणि बापूकुटी माती, बांबू, लाकूड व कवेलू यांचीच आहेत. बापूकुटी ही मूळची मीराबेनची कुटी. खेड्यातील घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, असे गांधीजींनी १९३७ साली ‘हरिजन’मध्ये लिहिले. ऐंशीहून अधिक पावसाळे पाहून ही कुटी आजही उभी आहे. तिचे बळ वेळच्या वेळी होणाऱ्या सारवणात व डागडुजीत आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मातीच्या भिंतीत ओल शिरते आणि उन्हात ती बाहेरही पडते. वरून सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, भिंत आतून पोखरते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून मातीला मातीच लावावी. त्यात धानाचे तणस वा भुसा कालवून ती चांगली मुरू द्यावी. चुना वापरल्यासही भिंतीला श्वास मिळतो.

कामाचा क्रमही ध्यानात ठेवावा. आधी छप्पर पाहावे, कारण बहुतेक बिघाड गळतीतून होतो. मग पायथ्याशी साचणारे पाणी वळवावे. त्यानंतर भिंत, आणि शेवटी रंग. पाटण किंवा खांब एका टोकाला कुजला असेल तर तेवढाच भाग काढून सुताराकडून जोड द्यावा. पडक्या घराचे सागवान व कवेलू जपून ठेवावेत. ते पुन्हा कामी येतात.

मातीच्या घराचे दोषही झाकून ठेवू नयेत. वाळवी लागते, दरसाल मेहनत पडते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडारा जिल्ह्यात पुष्कळ घरांची हानी झाली. सखल जागी दगडी जोते उंच घ्यावे, आणि जेथे पाया खचला आहे तेथे जाणकाराचा सल्ला घेतल्यावाचून राहू नये.

एक गोष्ट मात्र पैशाने परत येत नाही. सांधे ओळखणारा सुतार, कवेलू घडविणारा कुंभार, भिंत लिंपणाऱ्या मायबहिणी यांना काम राहिले नाही तर ही विद्या एका पिढीत संपेल. देवळासाठी एकत्र आलेल्या हातांनी दरसाल गावातले एक तरी जुने घर सावरावे, एवढीच या मंगल प्रसंगी विनंती.