शिबिरानंतरचे काम

आज परिचर्येची पदवी घेऊन आरोग्यसेवेत उतरणाऱ्या स्नातकांनो,

धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत तुम्ही कुठेही रुजू झालात, तरी आरोग्य शिबिरे तुमच्या वाट्याला येणारच. मंडप, बॅनर, रांगा आणि दुसऱ्या दिवशी तपासलेल्यांच्या आकड्याची बातमी, हा त्यांचा ठरलेला क्रम. आज मला एकच मत मांडायचे आहे. पायाच्या धमन्यांच्या आजाराची तपासणी आपल्या जिल्ह्यात व्हायलाच हवी. पण ती सरसकट सगळ्यांची नको आणि शिबिरापुरती तर नकोच. ज्यांना धोका अधिक आहे त्यांची ती व्हावी, नेहमीच्या आरोग्यसेवेतून व्हावी आणि दोष सापडला तर पुढे काय करायचे हे आधी ठरवून व्हावी.

हा आजार गुपचूप वाढतो. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत चरबीचे थर साचतात आणि वाट अरुंद होते. चालताना पोटरी धरणे आणि थांबल्यावर सुटणे हे त्याचे पुस्तकी लक्षण. पण बहुतेक रुग्णांत ते दिसतच नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्याला दुखणे कळत नाही. जो फारसा चालत नाही, त्याची पोटरी धरायची वेळच येत नाही. ऊसतोडीला जाणारा मजूर पाय भरून आले तर कामाचा शीण समजतो, आणि घरातली म्हातारी वात म्हणून तेल चोळत बसते. २०१० साली जगात या आजाराचे २० कोटींहून अधिक रुग्ण होते आणि त्यांतले जवळपास ७० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०१३ मध्ये छापला. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचेनासे झाले की बिघाड वर कुठेतरी असतो, तसेच हे आहे. ज्यांच्या पायाच्या धमन्या अरुंद, त्यांच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही सहसा धड नसतात. दंडाच्या मानाने घोट्याचा रक्तदाब कमी भरणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट असते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २००८ मध्ये दिसले. म्हणून ही तपासणी पाय वाचवण्याइतकीच जीव वाचवण्याची आहे.

तपासणी सोपी आहे. रुग्णाला आडवे झोपवायचे, हातात मावणाऱ्या डॉपलर यंत्राने दंडावरचा आणि घोट्यावरचा वरचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर धमनीत अडथळा आहे असे धरतात. १.४ च्या वर आले तर धमनी कडक झालेली असते आणि तो आकडा विश्वासाचा राहत नाही. जुन्या मधुमेहींत हे वारंवार दिसते. अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो. डॉपलर प्रत्येक उपकेंद्रात नसले तरी बिघडत नाही. चपला काढायला लावून तळवे आणि बोटांच्या फटी पाहणे, पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी चाचपणे, बधिरपणा तपासणे, एवढे तुमच्या हातांनी होते. नाडी लागली नाही किंवा जखम भरत नसली, तरच पुढच्या केंद्रात दाब मोजायला पाठवायचे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की, लक्षणे नसलेल्यांची अशी तपासणी केल्याने आयुष्य वाढते याला भक्कम पुरावा कुठे आहे? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचेच सांगितले. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ५० हजार पुरुषांवर झालेल्या प्रयोगात तपासणीला बोलावलेल्या गटात मृत्यू ७ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे पोटातल्या महाधमनीचा फुगवटा, पायाच्या धमन्या आणि रक्तदाब यांची तपासणी एकत्र होती, तेव्हा श्रेय एकट्या पायाच्या तपासणीला देता येत नाही. त्याच देशातल्या २०२२ च्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात मृत्यूंतली घट ठाम म्हणण्याइतकी निघाली नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी सरसकट तपासणी मागत नाही. मधुमेहीच्या पायाची दरवर्षी तपासणी ही गोष्ट वेगळी. ती उपचाराचाच भाग आहे. चेन्नईतल्या एका अभ्यासात हा आजार एकंदर ३.२ टक्के लोकांत, तर मधुमेहींत ६.३ टक्के लोकांत आढळला होता. धोका जिथे दाट, तिथे तपासणीचे मोल जास्त.

मग नेमके कोणाला तपासायचे? मधुमेही, पन्नाशी ओलांडलेले बिडी-सिगारेट ओढणारे, आणि पायाची जखम न भरणारे कोणीही. सगळ्या तंबाखूला एकाच मापाने मोजू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर ओढणारे ३.८ टक्के होते. मशेरी आणि तंबाखू-चुना सोडवायलाच हवा. पण पायाच्या धमन्यांशी सर्वांत घट्ट नाते धुराचे आहे. बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषाची बोटे काळी पडू लागली तर बर्जरचा आजार आठवा. तिथे वयाची अट लावू नका.

दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. आशाताईंच्या हाती आधीच किती नोंदवह्या आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात चालूच आहे. नवे शिबिर नको, नवी यादी नको. साखर तपासायला आलेल्या मधुमेहीची चप्पल तेवढी काढायला लावा. गावातल्या बायका असे काम शिकून नीट करतात, हे शेजारच्या जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून आणि आपल्याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या तयार करून दाखवले आहे.

तिसरा आक्षेप असा की, इथे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद नाहीत, मग आजार शोधून करायचे काय? खरे तर बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. बिडी सुटणे, साखर आणि रक्तदाब ताब्यात असणे, स्टॅटिनची गोळी, लक्षणे असतील तर रक्त पातळ ठेवणारे औषध आणि चालण्याचा व्यायाम, हा मुख्य उपचार आहे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. यातले काहीही तालुक्याबाहेरचे नाही. मात्र पाऊल गार पडले, रात्री झोपेत दुखू लागले किंवा बोट काळे पडले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. कोजागरीला अनवाणी तुळजापूरला निघणाऱ्या मधुमेहींचे पाय निघण्याआधी पाहा आणि नवस मोडत नाही, पण चप्पल घाला, असे त्यांना देवीच्या नावाने समजावा.

स्नातकांनो, उद्या तुमच्याकडे कोणी तपासलेल्यांचा आकडा मागेल. तो द्या, पण त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहा: दोष किती जणांत सापडला, त्यांतले किती उपचाराला लागले आणि सहा महिन्यांनी किती जण टिकून आहेत. हे तीन आकडे ज्या तपासणीत नाहीत, तिला हातभार लावण्याआधी अधिकाऱ्यांना जाब विचारा. तो विचारण्याचा अधिकार आजच्या पदवीने तुम्हाला दिला आहे, तो वापरा.