विडी विझली, धूर मात्र घरातच



हप्ते, कर्ज, शेळ्या, शिलाई यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. विडी-सिगारेट विझल्यावर घरात काय उरतं आणि ते आपल्या लेकरांच्या अंगात कसं जातं, हा आजचा विषय.

ओढणारा स्वतः धूर घेतो. त्याच्या शेजारी बसलेल्यांच्या नाकातही धूर जातो. एवढं आपल्याला माहीत आहे. पण धूर विरला, वास गेला, म्हणजे सगळं गेलं असं नाही. धुरातलं निकोटिन आणि बाकीचे पदार्थ भिंतीवर, पत्र्यावर, गोधडीत, उशीत, सदऱ्यावर, केसांत आणि बोटांवर बसतात. याला इंग्रजीत ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका लेखानंतर हे नाव जास्त माहीत झालं. आपण त्याला साधं नाव देऊ : चिकटलेला धूर.

चुलीच्या वरच्या फळीवरून बोट फिरवून बघा. तेलकट थर लागतो, त्यावर धूळ बसलेली असते. कधी बसला ते दिसत नाही, पण थर असतोच. विडीच्या धुराचंही तसंच. आज बसतो, उद्या त्यावर आणखी बसतो. बसलेला थोडा थोडा परत हवेतही येतो.

आता लेकरांकडे बघा. रांगतं बाळ दिवसभर जमिनीवर असतं. हाताला लागेल ते तोंडात घालतं. आजोबांच्या धोतराचा सोगा चोखतं, गोधडीचं टोक चावतं. त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भराभर चालतो आणि अंग एवढंसं. त्यामुळे मोठ्या माणसाला जे थोडं वाटतं, ते त्याला जास्त होतं. थोडी मोठी मुलं त्याच गोधडीत झोपतात, त्याच भिंतीला टेकून अभ्यास करतात. एकखणी घर असलं, किंवा ऊसतोडीवरची कोपी असली, तर लेकरांना दुसरीकडे न्यायला जागाच नसते.

हा विषय आम्ही गटाच्या बैठकीत काढला, तेव्हा पहिलं उत्तर आलं, “आमचे हे घरात ओढतच नाहीत, ओट्यावर जातात.” चांगलंच आहे. घरात ओढण्यापेक्षा बाहेर ओढणं केव्हाही बरं. पण ते पुरेसं आहे का? अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे संशोधकांनी लहान बाळं असलेली घरं तपासली. घरातली धूळ, हवा, सामान आणि बाळांची लघवी तपासली. २००४ साली निष्कर्ष छापून आले. ज्या घरातली माणसं बाळाला जपायचं म्हणून बाहेर जाऊन ओढत होती, तिथेही न ओढणाऱ्या घरांपेक्षा तंबाखूचा अंश ५ ते ७ पट जास्त होता. घरातच ओढणाऱ्यांकडे त्याच्याही ३ ते ८ पट जास्त निघाला. माणूस बाहेर ओढून येतो, पण सदरा, हात आणि श्वास घेऊनच तो आत येतो आणि बाळाला उचलतो.

दुसरी म्हणाली, “आम्ही खिडकी उघडतो, उदबत्ती लावतो.” खिडकीनं हवेतला धूर कमी होतो, गोधडीतला निघत नाही. उदबत्तीनं वास झाकतो, वर तिचा धूर वाढतो.

तिसरीनं विचारलं, “चुलीचा धूर एवढा असतो, त्यात विडीचं काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. चुलीचा धूर वाईटच. पण एक वाईट आहे म्हणून दुसरं चालवून घ्यायचं नसतं. शिवाय हे दोन्ही एकमेकांना भेटतात. काही जळताना, मग ती गॅसची शेगडी असो की गाडीचं इंजिन, हवेत नायट्रस आम्ल तयार होतं. भिंतीवर, कपड्यावर बसलेल्या निकोटिनशी त्याचा संयोग झाला की कर्करोगाला कारण ठरू शकणारे पदार्थ बनतात. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेनं हे २०१० साली दाखवून दिलं.

शिकायला किंवा कामाला गेलेल्या पोरांसाठी खोली भाड्यानं घेता, तेव्हाही हे ध्यानात ठेवा. ओढणारे भाडेकरू गेल्यावर घरं सरासरी दोन महिने रिकामी होती, साफसफाईही झाली होती, तरी नव्या न ओढणाऱ्या कुटुंबांच्या बोटांवर निकोटिन सापडलं, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. खोली बघताना भाडं विचारता, पाणी विचारता, तसं “आधी इथे कोणी ओढणारं होतं का?” हेही विचारा. गादी जुनी असेल तर ती घेऊ नका.

आता थोडं आपल्याकडेही बघू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १०० मोठ्या माणसांमागे सुमारे ४ जण विडी-सिगारेट ओढतात, पण सुमारे २४ जण तंबाखू खातात किंवा लावतात. त्यात आपल्या मिश्री लावणाऱ्या बायाही आल्या. मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात. तो धूरही तंबाखूचाच. तो स्वयंपाकघरातच कोंडतो आणि तेव्हा लेकरू बहुतेक वेळा पदराशीच असतं. पुरुषांना सांगायला जायचं तर हा तवाही खाली उतरवायला हवा. नाहीतर आपलं कोण ऐकणार?

मग करायचं काय? आधी बसवणं थांबवायचं, मग धुवायचं. हा क्रम उलटा झाला तर नुसती धुणी आपल्या गळ्यात पडतील आणि थर रोज नव्यानं बसेल. नियम सोपे ठेवा. घरात, ओसरीत आणि गाडीत कोणीच ओढायचं नाही, पाहुण्यानंसुद्धा नाही. ओढून आलेल्या माणसानं साबणानं हात धुवायचे, चूळ भरायची, सदरा बदलायचा आणि मगच बाळाला घ्यायचं. त्या सदऱ्यासाठी दाराबाहेर एक खुंटी ठोका. थोटकं अंगणात टाकू देऊ नका. बाळानं थोटूक गिळलं तर विषबाधा होऊ शकते, अशा वेळी लगेच दवाखाना गाठा. घरातलं ओढणं थांबलं की गोधड्या, उशांचे अभ्रे, पडदे धुवा. फरशी, दारं आणि कपाटं साबणाच्या पाण्यानं पुसा. नुसता वरून रंग मारून भागत नाही, आतला थर हळूहळू वर येऊ शकतो.

आणि लेकरांना विडी-काडी आणायला टपरीवर पाठवू नका. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई आहे, २०० रुपयांपर्यंत दंड होतो.

खरी अडचण आम्हाला ठाऊक आहे. नवीन सून सासऱ्यांना कसं म्हणणार, “मामंजी, सदरा बदला, मग बाळाला घ्या”? घरात वादळ उठेल. म्हणून हे एकटीच्या डोक्यावर देऊ नका. आमच्या एका गटात सगळ्यांनी मिळून ठराव केला आणि घरोघरी सांगायचं काम आज्यांनी अंगावर घेतलं. एक आजी आपल्या मालकांना एवढंच म्हणाल्या, “नातू तुमचा आहे ना? मग हात धुऊन घ्या त्याला.” ते काही बोलले नाहीत. उठले आणि हात धुतले. विडी त्यांची अजून सुटलेली नाही, पण सदरा मात्र खुंटीवर असतो. एकटीनं सांगितलं तर भांडण होतं, गटानं सांगितलं की तो गावाचा नियम होतो.

ओढणाऱ्या माणसाचा अपमान करू नका. व्यसन लागलेलं असतं, नुसत्या टोमण्यांनी ते सुटत नाही. ज्याला सोडायचं आहे त्याला मदत मिळते. वही-पेन घ्या, नंबर सांगतो : १८००-११-२३५६. परत सांगतो : १८००-११-२३५६. तंबाखू सोडवण्यासाठीचा हा सरकारी नंबर आहे, फोनचे पैसे लागत नाहीत. मिश्री सोडायची असेल तर आपणही फोन करू शकतो.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. कोणाच्या घरात पाच वर्षांखालचं लेकरू आहे आणि तिथे कोण ओढतं, कोण मिश्री भाजतं, याची मोकळेपणानं चर्चा करा. नावं ठेवण्यासाठी नाही, कोणत्या घरी कुणी बोलायचं ते ठरवण्यासाठी. ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. आणि त्याच दिवशी, त्या घरांच्या दाराबाहेर एकेक खुंटी ठोकून घ्या.